कोब्याखालची पाइपलाइन

जोतीराम जेवायला बसला की शेडकडं पाठ करून बसतो, हे रंगूबाईनं खंडाळ्याहून परतल्या दिवशीच हेरलं होतं. सोप्यात बसायला जागा चिक्कार. पण हा भिंतीला तोंड लावून बसणार, जसा काय भिंतीवर टीव्ही लावलाय. समोर रस्त्याकडच्या रानात एवढं दांडगं शेड उभं राहिलं होतं. येणारं-जाणारं माणूस मोटारसायकल थांबवून बघत होतं, कडेगावच्या बाजाराला निघालेल्या बायका एस्टीच्या खिडकीतनं माना काढत होत्या. आणि सख्ख्या भावाला तेवढं दिसत नव्हतं.

“पाठीला ऊन लागावं म्हणून असा बसतोस, का तोंडाला लागू नये म्हणून?” रंगूबाईनं विचारलं.

“भाकरी वाढ,” जोतीराम म्हणाला.

“भाकरी तुझी बायको वाढंल. मी इचारलं त्ये सांग.”

“बसाया जागा कुठली बी चालती, आय.”

शालननं नवऱ्याच्या ताटात भाकरी टाकली आणि सासूकडं न बघता चुलीपुढं जाऊन बसली. तिला हसू येत होतं का रडू, ते पाठमोरं कळत नव्हतं. या घरात सध्या पाठीच जास्त दिसत होत्या.

“उद्या पूजा हाय. ध्यानात हाय न्हवं?”

“उद्या खालच्या उसाला पाणी हाय.”

“पाणी आज हाय म्हणालास.”

“आज वरच्या उसाला. उद्या खालच्या. लाइट दिवसाची हाय तवर भिजवून घ्यायचं.”

“लाइटीला सांगते, एक दिस दम धर म्हणून. भावाच्या वर्कशॉपची पूजा रोज येती का?”

जोतीरामानं ताटात हात धुतला. उठला, खोरं खांद्यावर टाकलं आणि शालनला “चल” म्हणून मागच्या दारानं निघाला. पुढच्या दारानं वरचा ऊस जवळ, पण तिकडून गेलं तर शेडाजवळनं जावं लागतं.

रंगूबाई एकटीच सोप्यात बसली. सुपारी कातरायला घेतली आणि कातरली नाही.

खरं तर तिनं सगळं नीट केलं होतं, असं तिचं मत होतं. थोरला हंबीरराव मिलिटरीत वीस वर्षं गाड्यांची इंजिनं खोलून-जोडून आला. आता या भागात ऊसतोडणीची मशीनं आली, आणि ऐन हंगामात ती बंद पडली की लोक कपाळाला हात लावून सांगली-कोल्हापूरच्या मेकॅनिकची वाट बघत बसत. हंबीर म्हणाला, रस्त्याकडचं रान द्या, मोठं वर्कशॉप टाकतो. उतारा रंगूबाईच्या नावावर. तिनं पाडव्याला पुरणपोळी वाढता वाढता सांगून टाकलं, दिलं. जोतीराम ताटावर होता. तो “बरं” म्हणाला. एवढंच. भांडण नाही, तंटा नाही. आणि त्या दिवसापासून दोघं भाऊ एकमेकांशी बोलायचे थांबले. कधी थांबले, कुणी आधी थांबवलं, हे कुणालाच सांगता आलं नसतं. मग तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन निघालं. पुण्याला वाट्या बदलल्या, आणि हिंडण्या-फिरण्यापुरती होईपर्यंत ती खंडाळ्याला लेकीकडं राहिली. तेवढ्यात इकडं पाया खणला, खांब उभे राहिले, छपराच्या लोखंडी कैच्या चढल्या, पत्रा पडला, कोबा झाला. शेड पुरं झालं, आणि घर अर्धं राहिलं.

उद्या जोती पूजेला आला नाही, तर गाव एका दिवसात समजून जाईल. आणि गाव समजलं की वाटणीचं बोलणं सोप्यात येऊन बसायला वेळ लागत नाही. रंगूबाईनं जावांच्या, नणंदांच्या घरात ते बघितलं होतं. एकदा मधी दोरी धरली की पुढं फक्त दोरीच राहते.

ती काठी घेऊन उठली आणि शेडाकडं निघाली.

शेडाच्या तोंडाशी माधवनगरचा बादशहा मिस्त्री शिडीवर चढून शटरला शेवटचं ग्रीस लावत होता. लोखंडाचं आणि कोब्याचं सगळं काम त्याच्या हातचं. म्हातारीला बघून तो शिडीवरनंच म्हणाला, “या मावशी. चप्पल काढू नगा, देऊळ न्हाई ह्ये.”

“देवळापरास जादा खर्च झालाय म्हणं.”

“खर्चाचं साहेबांस्नी इचारा. मी फकस्त घाम गाळला.”

आत पाऊल टाकलं आणि रंगूबाईचा ऊर भरून आला. तो तिनं लगेच आवरला, कारण समोर सून बसली होती. संयोगिता, हंबीररावाची बायको, गुडघ्यावर बसून कोब्यावर पिवळ्या रंगाच्या सरळ रेघा ओढत होती.

“रांगोळी काढायलीस का?”

“मार्किंग आहे, आई. मशीन इथं उभं करायचं, हत्यारं तिकडं, माणसानं या पट्ट्यातनं चालायचं. तिकडं वर्कशॉपला असंच असायचं.”

“तिकडं” म्हणजे जबलपूर, भोपाळ, आणखी कुठं कुठं. संयोगितानं अर्धा संसार मिलिटरीच्या क्वार्टरात काढला होता, आणि तिच्या बोलण्यात तिकडचं काही ना काही यायचंच. रंगूबाईला ते खुपायचं. शालन कशी, शिवी दिली तरी ऐकून घ्यायची. ही शिवीचा अर्थ विचारायची.

रंगूबाई पिवळ्या रेघा ओलांडून मुद्दाम मधोमध जाऊन उभी राहिली. हंबीरराव कोपऱ्यात बाकाला नट आवळत होता. वर पाहिलं तर छप्पर लांबच्या लांब. मागचं शटर उघडं होतं. त्यातनं खाली विहीर दिसत होती, विहिरीवरचं मोटारीचं खोपटं दिसत होतं. तिनं मान वळवली. पुढच्या शटरातनं रस्त्यापलीकडचा लिंब दिसत होता. तिनं परत विहीर बघितली, परत लिंब बघितला.

तिच्या मालकांनी पाइपलाइन टाकली तेव्हा विहिरीपासून लिंबापर्यंत सरळ दोरी धरली होती. दोरीचं एक टोक त्यांच्या हातात, एक तिच्या. मधोमध चेंबर बांधून त्यात वरच्या उसाला पाणी सोडायचा कॉक बसवला आणि वर एक पांढरा दगड ठेवला. त्या दगडावर बसून तिनं किती वेळा भाकरीचं फडकं सोडलं होतं. डोळे बांधून सोडलं असतं तरी ती त्या दगडावर जाऊन बसली असती. आत्ता ती त्याच जागेवर उभी होती, आणि पायाखाली आरशासारखा कोबा होता.

“हंबीर,” ती म्हणाली. “कॉक कुठाय?”

“कसला कॉक?”

“वरच्या उसाचा. तुझ्या बापानं बसवला त्यो.”

हंबीररावाचा पाना हवेतच थांबला. “लाइन बांधाकडनं गेलीया न्हवं?”

“कुणी सांगितलं?”

“मला वाटलं.”

“वाटलं. सरकारच्या गाड्या बी असंच वाटलंवर खोलत हुतास का? मी उभी हाय त्या कोब्याखाली कॉक हाय, आन वरच्या उसाची लाइन हाय.”

हंबीरराव जवळ आला. विहिरीकडं बघितलं, लिंबाकडं बघितलं. लाइन पडली तेव्हा तो आसामात होता, आणि परत आल्यापासून त्यानं एकदाही उसाला पाणी पाजलं नव्हतं. ते काम जोतीचं. रानातलं सगळंच काम जोतीचं.

“हितं एक पांढरा दगड हुता,” रंगूबाई म्हणाली.

“जेसीबीनं गेला असंल.”

“आन जेसीबी फिरताना जोती कुठं हुता?”

मग बादशहा मिस्त्री शिडीवरनं खाली उतरला. बोलावं का न बोलावं असा त्याचा चेहरा झाला होता.

“बांधावर हुतं की,” तो म्हणाला. “सपाटीकरण चाललं हुतं तवा. मी जाऊन इचारलं बी, खाली काय हाय का म्हणून.”

“मग?”

“म्हणलं, ‘मालकाला इचार.’”

“आन तू मालकाला इचारलंस?”

“इचारलं. साहेब म्हणलं, काय न्हाई, मार सपाट.”

रंगूबाईनं थोरल्याकडं एकदा बघितलं आणि त्याच्या वाटणीचा राग नंतरसाठी बाजूला ठेवला. आत्ता तिच्या डोळ्यांसमोर धाकटा होता. बांधावर उभा, हाताची घडी घालून. बापाची लाइन मातीखाली गाडली जात होती आणि हा बघत होता. पावसाळाभर उसाला पाण्याची गरज नव्हती म्हणून कळलं नाही. आज पहिलं पाणी. आज वरचा ऊस कोरडा राहिला की सगळ्या गावाला सांगता येईल, बघा, भावानं माझं पाणी तोडलं.

“बघून गप बसला,” ती म्हणाली. “माझ्या पोटचा असून.”

संयोगितानं ब्रश डब्यावर आडवा ठेवला. “आई, भाऊजींना आधी विचारू या का? मी फोन लावते.”

“लावू नगंस,” हंबीरराव म्हणाला.

“का?”

“त्यानं बघून बी सांगितलं न्हाई. आन मी इचारू?”

“मग कोण विचारणार?”

“कुणी इचारायचं न्हाई,” रंगूबाई मध्ये पडली. “त्याला त्येच पायजे. आपण पदर पसरून त्याच्या बांधावर जावं. मी जिती हाय तवर या घरातलं कुणी पदर पसरणार न्हाई.”

“पदर कशाला पसरायला लागतो? नुसतं विचारायचं.”

“तुझ्या क्वार्टरात इचारत असतील. हितं न्हाई इचारत.”

संयोगिता फोन कानाला लावून उभी राहिली होतीच. रिंग वाजत राहिली. जोतीराम रानात गेला की फोन घोंगडीखाली ठेवतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिनं फोन ठेवला. हाताला लागलेला पिवळा रंग फडक्याला पुसला.

“मी जाते उसात आणि विचारून येते,” ती म्हणाली. “तुम्ही दोघं मायलेक मान सांभाळत बसा.”

आणि मागच्या शटरातनं ती तरातरा निघून गेली. रंगूबाई तिच्या पाठीकडं बघत राहिली. आणखी एक पाठ.

हंबीरराव कोब्यावर उकिडवा बसला. तळहात टेकवून बघितला, जसं काय आत काही वाजतंय.

“फोडावा लागंल,” तो म्हणाला.

“साहेब,” बादशहा मिस्त्री कळवळून म्हणाला, “उद्या माणसं यायची हाईत. ही चकाकी आणाया किती मरलोय मी.”

“तुझी चकाकी उसाला पाजू का?” रंगूबाई म्हणाली.

“आज न उद्या फोडावाच लागणार,” हंबीरराव म्हणाला. “पाणी तर द्यायलाच पायजे. माझं-त्याचं काय असंल त्ये असंल, उसानं काय घोडं मारलंय? उद्या चार लोकांच्या देखत फोडण्यापरास आज फोडलेला बरा.”

रंगूबाईला वाटलं, शाबास. तोंडानं मात्र ती म्हणाली, “बोलत बसू नगंस मग. मशीन आण.”

जनरेटरवर चालणारा ब्रेकर आला. पहिला घाव बसला तेव्हा बादशहा मिस्त्रीनं तोंड फिरवलं. धुरळा उडाला, पिवळ्या रेघेच्या मधोमध तडा गेला. रंगूबाईनं पदर नाकाला लावला, पण जागची हलली नाही. बोटानं दाखवत राहिली, हितं, जरा अलीकडं, हां. कोबा फुटला, खालची दगडगोट्यांची भर निघाली, मग मुरूम. मिस्त्रीनं पहार घेतली आणि हंबीररावानं खोऱ्यानं उपसायला सुरुवात केली. घामानं त्याचा बनियन पाठीला चिकटला.

खोऱ्याला पाइप लागला. दोघांनी हातांनी माती बाजूला केली.

चेंबर नव्हतं. कॉकही नव्हता. पाइप होता, पण तो विहिरीकडच्या अंगाला करवतीनं सरळ कापला होता, आणि कापल्या तोंडाला टोपण चिकटवून बंद केलं होतं. काम नीट, हळू हातानं केलेलं. पुढं लिंबाकडं जाणारा पाइपच काढून नेला होता.

हंबीरराव खड्ड्यात बसला तसाच राहिला.

“तोडलीया,” तो म्हणाला.

“कोणी?”

“लाइन सवता न्हाई तुटत, आय. कापून काढलीया. जेसीबी यायच्या आधीच.”

रंगूबाईनं काठी दोन्ही हातांनी धरली. मालकांनी धरलेली दोरी तिला अजून हाताला जाणवत होती.

“मी तवाच वळखायला पायजे हुतं,” हंबीरराव म्हणाला. “त्यानं बांधाकडनं चर खणला तवाच.”

“कसला चर?”

“तू खंडाळ्याला हुतीस. विहिरीपासनं बांधाच्या कडंनं, लांब. त्यो आन शालन, दोघंच खणायचे.”

“मग?”

“मला वाटलं, हद्द पाडतोय.”

“आन तू इचारलं न्हाईस.”

“काय इचारू? भाऊ हद्द पाडतोय तवा, किती रुंद पाडतोस म्हणून इचारू?”

बादशहा मिस्त्री शटराकडं गेला आणि काही तरी काम असल्यासारखं कुलूप बघत उभा राहिला. रंगूबाई छताकडं बघत होती. एवढा पत्रा, एवढं लोखंड. तिला वाटलं होतं की याच्याखाली दोन्ही पोरं येतील. एक मशीन खोलेल, एक ऊस पिकवेल आणि तोडणीच्या वेळी दोघांच्याच दारात सगळ्या पंचक्रोशीची गर्दी होईल. तिनं हे कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. रान देताना मनात हेच होतं. आता उद्या पाहुणे येतील, नारळ फुटेल, आणि परवा तलाठ्याला बोलवावं लागेल.

तेवढ्यात शेडातले दिवे लागले. लाइट आली होती. खाली विहिरीवर मोटार घरघरली. मायलेक खड्ड्यावर वाकून बघू लागले, टोपण लावलेल्या तोंडातनं आता काय होतंय म्हणून. काहीच झालं नाही. पाइप मुकाट्यानं पडून होता.

“मावशी,” मागच्या शटरातनं मिस्त्रीचा आवाज आला. “वर पाणी चालू हाय.”

“कुठं वर?”

“उसात. सऱ्या भरायल्यात.”

रंगूबाई शटरापाशी पोचायच्या आत वरनं तिघं येताना दिसली. पुढं संयोगिता, साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली, पण चालण्यात असा काही ठसका की रंगूबाईला वाटलं, ही काही तरी जिंकून आलीय. मागं शालन. सगळ्यात मागं खोरं घेऊन जोतीराम, आणि तो शेडाच्या दाराशी येऊन थबकला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आत बघत होता.

“मी विचारलं,” संयोगिता म्हणाली. “पण मी सांगणार नाही. तुम्ही विचारा, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल.”

जोतीराम खड्ड्यापाशी आला. फुटलेला कोबा, उपसलेला मुरूम, आणि खड्ड्यात घामानं थबथबलेला थोरला भाऊ. सगळं बघून घेतलं.

“ह्ये कुणी केलं?”

“मी,” हंबीरराव म्हणाला.

“कशापायी?”

“तुझ्या उसाला पाणी द्याया.”

“माझ्या उसाला?”

“मग काय माझ्या?”

जोतीरामानं खोरं खाली टेकवलं. “म्हंजे नवाकोरा कोबा तू उसापायी फोडलास.”

“वाळू देऊ का मग?”

“आरं, पण उसाला पाणी चालू हाय. लाइन म्या कवाच हलवली. बांधाकडनं नेली, नवा कॉक वर बसवलाय.”

“कवा?”

“हितं शेड होणार कळलं तवा. जुन्या पायपावर ती अवजड मशीनं हुभी ऱ्हायली असती तर पायीप फुटला असता. खालनं पाणी येऊन तुझा कोबा पापडावानी उचलला असता. मग परत माझ्याच नावानं बोंब.”

“म्हंजे त्यो चर,” हंबीरराव म्हणाला आणि थांबला.

“चर बघितलास की तू. रस्त्यावर मोटारसायकल लावून बघत हुतास.”

“मला वाटलं, हद्द पाडतोयस.”

जोतीरामानं भावाच्या तोंडाकडं नीट निरखून बघितलं, हा चेष्टा करतोय का म्हणून.

“हद्द पाडाया जाडजूड पायीप आणत्यात व्हय रं?”

शालन पदरात तोंड घालून हसायला लागली. तिला आता आवरेना. “मी रोज म्हणत हुते, भावजींस्नी सांगा, भावजींस्नी सांगा. पायीप धरून माझ्या हाताची सालटं गेली. तर ह्ये म्हणं, त्यो येईल की इचाराया. न्हाई आलं कुणी. पायीप बुजलं तरी न्हाई आलं.”

“आन मला म्हणालासा, मालकाला इचार,” बादशहा मिस्त्री मधनंच म्हणाला, कारण त्याची चकाकी गेली होती आणि त्याला कुणाचा तरी हिशेब लावायचा होता.

“मग? मालकाला नगं इचारायला? शेडाचा मालक त्यो. खाली तवा चालू लाइन न्हवतीच, म्हणून तर तुमचा जेसीबी फिरू दिला.”

हंबीरराव आधी नुसता खांद्यांनी हसला, मग मोठ्यानं. मिलिटरीतलं त्याचं ते हसणं, पत्र्याखाली घुमणारं. तो खड्ड्याच्या कडेवर बसला आणि कपाळाचा घाम पुसत हसत राहिला. संयोगितानं तेलाचा रिकामा डबा सरकवला, तेव्हा रंगूबाई त्यावर बसली आणि मग तिच्या ध्यानात आलं, डबा कोणी सरकवला ते. छातीवरनं कुणी तरी दगड उचलल्यासारखं झालं होतं.

“मर्दा, सांगायचं की मग,” हंबीरराव म्हणाला.

जोतीराम हसत नव्हता.

“रान घेताना मला इचारलंस?”

हंबीररावाचं हसणं मोडलं.

“आयनं दिलं, तू घेतलंस. मी ताटावर बसलो हुतो. दोघांनी बी माझ्याकडं बघितलं न्हाई. तू मिलिटरीत हुतास तवा त्या रानातले धोंडे म्या येचले. मी न्हाई म्हणलो नसतो, दादा. पर कुणी इचारलं असतं तर ‘व्हय’ म्हणाया तरी मिळालं असतं.”

हंबीररावानं आईकडं बघितलं. रंगूबाई छपराच्या कैच्या बघत होती, एकेक, अगदी मन लावून. शालननं पदर सावरला. बाहेर ऊस सळसळत होता आणि पाण्याचा आवाज येत होता.

“चुकलं माझं,” हंबीरराव म्हणाला. मग कडेवरनं उठून भावापुढं उभा राहिला. “आता इचारतो.”

“काय?”

“ह्यो खड्डा बुजवायचा का ठेवायचा?”

जोतीराम खड्ड्याभोवती एक फेरी मारून आला. वाकून खालचा पाइप बघितला, टोपणावर अंगठा दाबला. “बुजव. मशीन हितंच हुभं ऱ्हाणार न्हवं? सिमेंट हाय का शिल्लक?”

“हाय.”

“मग आण. उन्हं उतरायच्या आत धरंल.”

बादशहा मिस्त्रीनं खडी चाळली, दोघा भावांनी माल कालवला. मध्येच जोती म्हणाला, पाणी जास्त घालू नगंस, आणि हंबीर म्हणाला, मला शिकवू नगंस, आणि रंगूबाईनं डब्यावर बसल्या बसल्या डोळे मिटले. किती महिन्यांनी कानाला ते बरं वाटत होतं. शालन आणि संयोगिता दोघी पाण्याची घागर धरून येत-जात होत्या. येताना कुजबुज, जाताना हसणं. या दोघींचं इतकं सूत कधी जमलं, हे रंगूबाईला कळलं नव्हतं. बहुतेक ती खंडाळ्याला असताना. बहुतेक सगळं ती खंडाळ्याला असतानाच झालं होतं.

दुपार कलली तेव्हा खड्डा भरला होता. ओल्या सिमेंटचं काळपट ठिगळ त्या चकचकीत कोब्यावर लांबून दिसत होतं. उद्या पाहुण्यांना त्याला वळसा घालूनच जावं लागणार होतं. मिस्त्रीनं त्याच्याकडं एकदा बघून उसासा टाकला आणि हात धुवायला गेला. जोतीराम उकिडवा बसून थापीनं कड सारखी करत होता.

रंगूबाई उठली. काठी टेकत ठिगळापाशी आली. घसा खाकरला. तिला जे विचारायचं होतं, तसं तिनं आजवर या घरात कुणालाच विचारलेलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. ते तोंडात कवठासारखं आंबट लागत होतं.

“जोती.”

“आं?”

“उद्या पूजंला जोडीनं तू आन शालन बसशीला का?”

थापी थांबली. शालननं घागर खाली ठेवली. पूजेला बसायचा मान थोरल्याचा, आणि संयोगितानं त्यासाठी कऱ्हाडातनं मोरपंखी साडी आणून इस्त्री करून ठेवली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. रंगूबाईलाही. तिनं थोरल्या सुनेकडं बघितलं. आज पहिल्यांदा तिला वाटलं, या बाईनं आत्ता शब्द मोडला तरी आपल्याला बोलायला तोंड नाही.

“बसा, भाऊजी,” संयोगिता म्हणाली. “पाहुण्यांच्या चहापाण्याचं मलाच बघायचंय. पाटावर एवढा वेळ मांडी घालून बसायला होतंय कुणाला? साडी शालनला देते, तिला रंग शोभेल.”

जोतीराम थापीकडं बघत म्हणाला, “उद्या खालच्या उसाला पाणी…”

“मी पाजतो,” हंबीरराव म्हणाला. “पूजा उरकू दे, मी जातो. तेवढा कॉक कुठाय त्यो दाखव म्हंजे झालं. न्हाईतर परत वाटलंवर जाईन.”

जोतीराम हसला. आवाज नाही, नुसते दात. पण रंगूबाईनं ते दात मोजून घेतले.

“बसतो,” तो म्हणाला.

“बसतोस न्हवं? मग आता ऐक,” रंगूबाई म्हणाली, आणि तिचा आवाज परत तिच्या जागेवर आला. “बापानं टाकलेली लाइन तू हलवलीस, भावाच्या वर्कशॉपखालनं काढलीस, कुणी न सांगता. लय मोठं काम केलंस. माझ्या मालकांनी बघितलं असतं तर पाठ थोपटली असती. पर आज तासभर या खड्ड्यापाशी मी माझी दोन पोरं घालवून बसले हुते, आन त्ये तुझ्या तोंडापायी. तू वाईट न्हाईस, जोती. तू घुमा हाईस. वाईट माणसाशी भांडता तरी येतंय, घुम्याचं करायचं काय? हितनं फुडं राग आला तर शिव्या दे, ताट फेक, भावाची गचांडी धर, मला म्हातारीला काय बोलायचं त्ये बोल. पर बोल.”